रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींसाठी टायरचा एकच संच : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

पुढच्या टायरांच्या नक्षीची खोली आज मोजली. डाव्या टायरची खोली बाहेरच्या खांद्याजवळ २.१ मिलिमीटर, मध्यभागी ३.९ आणि आतल्या बाजूला ४.८ मिलिमीटर भरली. उजव्या टायरची अवस्था थोडी बरी आहे, पण झीज त्याच तऱ्हेची आहे. झिजेची मर्यादा दाखवण्यासाठी खाचांच्या तळाशी जे उंचवटे ठेवलेले असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने बाहेरचा काठ जवळजवळ संपला आहे आणि आतली बाजू अजून बरीच शिल्लक आहे. नवे टायर घ्यावेच लागणार. कोणत्या जातीचे घ्यावेत, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवायचे, म्हणून ही वही सुरू करत आहे.

गाडी पुढच्या चाकांना ताकद देणारी हॅचबॅक आहे. चालकासह वजन सुमारे १,३०० किलो असून त्यातला साठ टक्क्यांहून अधिक भार पुढच्या चाकांवर येतो. वर्षाला साधारण १२,००० किलोमीटर होतात. त्यांत ट्रॅकवरचे सहा दिवस असतात आणि दर दिवशी चार-पाच सत्रे मिळून १२० किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, म्हणजे ट्रॅकवरचे अंतर एकूण अंतराच्या सहा टक्केच होते. तरीही टायरची बहुतेक झीज त्या सहा टक्क्यांतच होत असावी, असा माझा कयास आहे. तोही मोजून पाहायचा आहे.

ट्रॅकसाठी वेगळ्या रिमांवर वेगळे टायर ठेवणे हे सर्वांत चांगले, यात वाद नाही. पण चार जादा चाके ठेवायला माझ्याकडे जागा नाही, त्यामुळे ज्या टायरांवर ट्रॅकवर जायचे, त्यांच्यावरच तिथे फेऱ्या मारायच्या आणि त्यांच्यावरच दोन तासांच्या महामार्गाने परत यायचे, तेही पाऊस असो वा नसो. निवडीची अट इतकीच आहे आणि ती अवघड आहे.

१२ जानेवारी

टायरच्या बाजूवर कोरलेले सगळे आकडे आज उतरवून काढले, कारण नव्या टायरची तुलना कशाशी करायची हे आधी पक्के हवे.

सध्याचे माप २२५/४५ आर १७ आहे. रुंदी २२५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर. रिमचा व्यास १७ इंच. यावरून पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर येतो. पुढे ९१ डब्ल्यू असे आहे. ९१ या भारांकाचा अर्थ एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार चालतो आणि डब्ल्यू म्हणजे वेगमर्यादा ताशी २७० किलोमीटर. वजन आणि वेग या दोन्ही बाबतींत माझ्या गाडीला हे पुरेसे आहे, त्यामुळे हा विषय इथेच मिटला.

ज्या आकड्यावर लोक सर्वाधिक विसंबून राहतात, तो झिजेचा अंक मात्र नीट समजून घ्यावा लागला. अमेरिकेच्या नियमांनुसार टायरवर झीज, ओल्या पृष्ठभागावरची पकड आणि उष्णता सोसण्याची क्षमता अशा तीन श्रेणी छापलेल्या असतात. झिजेच्या चाचणीत टायर लावलेल्या गाड्यांचा ताफा टेक्सासमधील सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर एकूण ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किलोमीटर चालवतात आणि झिजेची तुलना सोबत धावणाऱ्या प्रमाण टायरशी करतात. त्यावरून अंक (जितका मोठा, तितकी झीज संथ) देण्याचे काम निर्माता स्वतः करतो आणि त्याने सावधपणे कमी अंक छापला, तर त्याला कोणी अडवत नाही. म्हणूनच एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० हे एकाच मापाने मोजलेले नसतात. शिवाय हा अंक सार्वजनिक रस्त्यावरच्या संथ झिजेचा आहे. वळणात दामटून चालवलेला टायर किती तापेल आणि कसा झिजेल, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पकडीची श्रेणीही ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत चाक अडवून मोजलेली असते. वळणातली पकड त्यात येत नाही.

तरीही ढोबळ वर्ग पाडायला हा अंक उपयोगी पडतो. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस ३०० चा, योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ २०० चा आणि टोयो प्रॉक्सेस आर८८८आर १०० चा आहे. पहिला रस्त्यासाठीचा उन्हाळी स्पोर्ट टायर, दुसरा नोंदणीकृत गाड्यांच्या स्पर्धांमध्ये २०० अंकाची किमान अट असते तिथे वापरला जाणारा, आणि तिसरा रस्त्यावर चालण्यास पात्र ठरेल इतक्याच खाचा असलेला अर्धा स्लिक (स्लिक म्हणजे बिनखाचांचा शर्यतीचा टायर). माझी निवड या तीन वर्गांपैकी एकातून व्हायची आहे. १०० च्या वर्गातील टायर आजच बाद करतो. खोल साचलेल्या पाण्यातून त्यावर दोन तास गाडी चालवण्याची माझी तयारी नाही.

२५ जानेवारी

जुन्या टायरांवर मुद्दाम एक दिवस ट्रॅकवर काढला. हेतू वेळ कमी करण्याचा नव्हता. नव्या टायरकडून नेमके काय हवे, हे जुन्याकडून काढून घ्यायचे होते. ट्रॅक तीन किलोमीटरचा, बहुतेक वळणे उजवी, त्यामुळे सगळा ताण डाव्या बाजूच्या, त्यातही पुढच्या डाव्या चाकावर येतो. हवेचे तापमान १८ अंश सेल्सिअस.

सकाळी थंड टायरांत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ३३ पीएसआय (दाबाचे माप, पौंड प्रति चौरस इंच) हवा होती. बाजूच्या भिंतीवरून नक्षीपर्यंत पांढऱ्या खडूने आडव्या रेघा ओढल्या. पहिल्या सत्रानंतर चाकापाशी बसून पाहिले, तर डाव्या टायरवरची खडूची रेघ खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खाली, चांगली बोटभर पुसली गेली होती. नक्षी जिथे संपते, तिथपर्यंतच टायर जमिनीला टेकला पाहिजे. इथे तो कलंडून थेट भिंतीवर टेकत होता. खांद्याच्या काठाला रबराच्या बारीक वळकट्या तयार झाल्या होत्या, नखाने ओढल्या की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या सुटत होत्या.

दाबाने ४१ पीएसआय गाठला होता. दाब केवलमानातील (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या प्रमाणात वाढतो हे धरून आणि वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवून हिशेब केला, तर टायरच्या आतली हवा सुमारे ६७ अंशांवर गेली होती. रबर त्याहून तापलेले होते. सुईचा तापमापक दोन-तीन मिलिमीटर आत खुपसून तीन ठिकाणी मोजले: बाहेर १०४, मध्ये ९२, आत ७६ अंश. (इन्फ्रारेड तापमापकाने नुसता पृष्ठभाग मोजला जातो आणि तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, येईपर्यंत थंड होतो, म्हणून सुईच वापरावी असे माझे ठाम मत झाले आहे.) एकाच टायरच्या दोन काठांत २८ अंशांचा फरक असेल, तर त्या टायरची रुंदी कागदावर २२५ असली, तरी कामाला तिचा बाहेरचा तिसरा हिस्साच येतो.

सर्वोत्तम फेरी १ मिनिट ३२.४ सेकंद. चौथ्या फेरीनंतर गाडीचे तोंड वळणात बाहेर सरकू लागले आणि स्टिअरिंग कितीही वळवले, तरी आवाजापलीकडे काही हाती लागत नव्हते.

२६ जानेवारी

चाकांचे नट थंड गाडीवर पुन्हा तपासले. डाव्या पुढच्या चाकाचे दोन नट ठरलेल्या ११० न्यूटन-मीटरवर (आवळण्याच्या जोराचे माप) पाव फेरा फिरले. ट्रॅकनंतरची ही तपासणी यापुढे न चुकता करायची.

८ फेब्रुवारी

आज अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून घेतले. २५ जानेवारीची आकडेवारी तंत्रज्ञाला दाखवली, तेव्हा त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, ‘साहेब, टायर बदलायचा तो बदला, पण यात टायरचा दोष नाही. तुम्ही त्याला एका काठावर उभा करून पळवताय.’ मला हे पटले.

गाडी वळणात झुकली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते. चाकाचा वरचा भाग आधीच थोडा आत झुकवून ठेवला, म्हणजे ऋण कॅम्बर दिला, तर भर वळणात टायर सपाट टेकतो. गाडी कारखान्यातून उणे ०.८ अंशावर आली होती. कॅम्बरचे बोल्ट आणि वरच्या समायोजी प्लेटा बसवून ते उणे २.३ अंशांवर आणले. एवढ्या कॅम्बरमुळे रोजच्या सरळ रस्त्यावर आतला काठ लवकर झिजेल, अशी भीती होती. परंतु रस्त्यावर टायर खरा खातो तो टो. चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असली की टायर प्रत्येक मीटरला किंचित आडवा फरफटत जातो. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून तो शेवटी शून्यावर आणून घेतला. कॅम्बर वाढवून टो न तपासता गाडी बाहेर काढली, तर नवा संचही काही हजार किलोमीटरांत आतून गोटा होईल.

दाबाचे गणितही उलट्या दिशेने मांडले. गरम टायरात ३५ पीएसआय हवे असेल आणि आतली हवा ६७ अंशांपर्यंत जाणार असेल, तर १८ अंशांच्या सकाळी २८ पीएसआयने सुरुवात करावी लागेल. हा दाब फक्त ट्रॅकपुरता. महामार्गावर इतक्या कमी हवेवर तासन्‌तास जाणे टायरच्या आतल्या थरांना घातक असते, कारण भिंत सतत वाकते आणि आतून तापते.

२२ फेब्रुवारी

तेच जुने टायर, तोच ट्रॅक, हवा २० अंश. सत्रानंतर डाव्या पुढच्या टायरमध्ये ३५.५ पीएसआय आणि तापमान बाहेर ९१, मध्ये ८८, आत ९३. खडूची रेघ त्रिकोणी खुणेपाशी थांबली. फेरी १ मिनिट ३०.९ सेकंद आणि सातव्या फेरीतही गाडीचे तोंड वळणात शाबूत.

दीड सेकंद मिळाला आणि टायर तेच आहेत. नव्या चिकट टायरांतून मी जे विकत घेणार होतो, त्यातला मोठा वाटा कोन आणि हवा यांतच अडकून पडला होता. आधीच्या मोजमापांशिवाय मी २०० च्या वर्गाचे टायर उणे ०.८ अंशावर लावले असते, त्यांचाही बाहेरचा खांदा जाळला असता आणि दोष टायरच्या माथी मारला असता. या एका दिवसाने निवडीचा प्रश्नच बदलला. आता मला सर्वांत वेगवान टायर शोधायचा नाही. परतीच्या वाटेवरच्या सर्वांत वाईट किलोमीटरमध्ये सांभाळून नेईल आणि ट्रॅकवर वीस मिनिटे टिकेल, असा टायर शोधायचा आहे.

२ मार्च

निवडीचा दिवस. प्रश्न उरतो तो ३०० च्या आणि २०० च्या वर्गांतला.

प्रथम रुंदी. २४५/४० आर १७ घ्यावे, असे मला दोघांनी सुचवले होते. त्याचा व्यास ६२८ मिलिमीटर, म्हणजे एक टक्का कमी, हे चालण्यासारखे आहे. परंतु त्या मापाला किमान ८ इंच रुंद रिम लागते आणि माझी साडेसात इंचांची आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात, स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळते आणि वाढलेल्या रुंदीचा फायदा त्या लवचिकपणातच विरून जातो. २२५ कायम.

आता रबर. कोरड्या ट्रॅकवर २०० च्या वर्गातील टायर जलद आहे, हे मान्य करूनच पुढे जातो. त्याची पकड अधिक असते, आणि ती येते मऊ मिश्रणातून, ताठ भिंतींतून आणि कमी खाचांमधून. यांतील प्रत्येक गोष्टीची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. मिश्रण तापलेले असताना काम करते, पण थंड सकाळी पहिल्या चौकात ब्रेक लावताना ते तापलेले नसते. ताठ भिंतीचा टायर वळणात मर्यादेपर्यंत घट्ट धरतो आणि मग सुटतो तो फारशी सूचना न देता. मऊ भिंतीचा टायर आधीपासून कुरकुरतो, थोडा घसरतो, परत धरतो, आणि मी अजून शिकणारा चालक असल्यामुळे हे बोलणे मला हवे आहे. खाचा कमी आणि उथळ असल्या की पाणी बाहेर फेकायला जागा कमी पडते. शिवाय जास्त पकडीचा ताण टायरपाशी थांबत नाही. लांब वळणात इंजिनच्या तळातले तेल एका बाजूला लोटले जाते आणि चाकांच्या बेअरिंगांवर भार वाढतो. माझ्या गाडीत यांपैकी कशाचीच तजवीज केलेली नाही.

पाण्याचा मुद्दा सर्वांत जास्त वेळ घेऊन तपासला. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सूत्र मांडले. धावपट्टीवर पाणी साचलेले असताना टायर पूर्णपणे पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग, नॉट या विमान-जहाजांच्या वेगाच्या एककात, पीएसआयमधील दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट असतो. ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९६ किलोमीटर येतो आणि २८ ला ८८. मोटारीच्या टायरची खाच, पाण्याची खोली आणि रुंदी यांनी हे आकडे वरखाली होतात, त्यामुळे ते जसेच्या तसे रस्त्यावर लावता येणार नाहीत. परंतु दिशा स्पष्ट आहे. ट्रॅकसाठी हवा कमी केली आणि परत भरायला विसरलो, तर पावसात मी आठ किलोमीटरची सुरक्षितता स्वतःच्या हाताने सोडून दिलेली असते. झिजलेल्या नक्षीने ती आणखी घटते. यावरून माझ्यासाठी एक मर्यादा ठरवली. नक्षी ३ मिलिमीटरवर आली की टायर संपला, मग उंचवटे १.६ ला का असेनात.

युरोपीय लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणी या कामी उपयोगी आहे. तिच्यासाठी ओल्या रस्त्यावर ताशी ८० वरून २० किलोमीटरपर्यंत ब्रेक लावून प्रमाण टायरशी तुलना करतात. पण ती नव्या टायरची असते आणि साचलेल्या पाण्यावर तरंगण्याबद्दल ती काही सांगत नाही, म्हणून लेबलवर ‘ए’ श्रेणी असणे ही माझ्या दृष्टीने पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे. त्यानंतर पाहिल्या त्या रुंद सरळ खाचा.

निर्णय: ३०० च्या वर्गातला, ओल्या पकडीत ‘ए’, असममित (आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असलेल्या) नक्षीचा उन्हाळी टायर. तो सात अंशांखाली कडक पडतो, पण माझी गाडी तेवढ्या थंडीत बाहेर पडत नाही. असममित मुद्दाम निवडला. नक्षीला दिशा असलेले टायर एकाच बाजूला पुढे-मागे होऊ शकतात. असममित टायर मात्र डावीकडून उजवीकडेही नेता येतात आणि ज्या ट्रॅकवर एकच चाक मार खाते, तिथे ही सोय मोलाची आहे. ब्रँडचे नाव या वहीत लिहीत नाही, कारण एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या गाडी-निर्मात्यांसाठी वेगवेगळ्या मिश्रणात येतो आणि भिंतीवरच्या एखाद्या ताऱ्याने किंवा दोन अक्षरांनीच तो ओळखू येतो. मागवताना ती खूण पाहणे नावापेक्षा महत्त्वाचे आहे.

१५ मार्च

टायर बसवले. निर्मितीच्या शिक्क्यात चारांवरही ३८२४ आहे, म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा. नक्षीची खोली ७.६ मिलिमीटर.

गाडी ताब्यात घेताना प्रत्येक चाकाभोवती फिरलो, ते बरे झाले. मागच्या उजव्या टायरची ‘आउटसाइड’ असे कोरलेली बाजू आत गेली होती. लांबून चारही टायर सारखेच दिसतात. जवळ वाकल्यावरच रुंद खाचा चुकीच्या बाजूला असल्याचे कळते. बसवणाऱ्याने लगेच उतरवून पालटला. नटही त्याने हवेच्या बंदुकीने आवळले होते, ते सगळे सैल करून टॉर्क पान्याने ११० वर आणले.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा अंश राहतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर सावकाश काढायचे आहेत.

५ एप्रिल

नव्या टायरांचा ट्रॅकवरचा पहिला दिवस. हवा २२ अंश, थंड दाब २८.

पहिले सत्र मुद्दाम निम्म्या जोराने चालवले आणि टायर पूर्ण थंड होऊ दिले. खरे तर पहिल्या तापण्यानंतर रबराला दिवसभराची विश्रांती द्यावी. ते शक्य नसल्याने दोन तासांचे अंतर ठेवले. दुसऱ्या सत्रात पहिल्या दोन फेऱ्यांना मी थोडा निराश झालो. पूर्ण खोलीची नक्षी म्हणजे रबराचे उंच ठोकळे. वळणात ते आडवे लवतात आणि गाडी जणू पावलाखाली जाड सतरंजी असल्यासारखी डोलते. त्या लवण्यातूनच ठोकळे तापतात, आणि तसेच दामटत राहिले तर त्यांचे तुकडे उडतात. म्हणून चार फेऱ्या जोरात, एक फेरी हळू, असा क्रम धरला. सत्र संपल्यावर हात फिरवला, तर ठोकळ्यांच्या कडा एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारख्या लागत होत्या, पण फोड किंवा तुटलेला कोपरा कुठेही नव्हता. तापमान बाहेर ९४, मध्ये ९०, आत ९५. गरम दाब ३५.

सर्वोत्तम फेरी १ मिनिट २९.८ सेकंद. जुन्या टायरांपेक्षा १.१ सेकंद कमी, म्हणजे कॅम्बर आणि हवेने जेवढे दिले होते, त्याहून थोडे कमीच. मला याहून मोलाची वाटली ती सहाव्या वळणातली गोष्ट. तिथे मी जरा जास्त वेगाने शिरलो. टायर आधी गुणगुणला, मग स्टिअरिंगचे वजन किंचित उतरले, मग तोंड सरकू लागले, आणि या तीन पायऱ्यांच्या दरम्यान मला पाय सैल करायला पुरेसा अवधी मिळाला.

निघण्यापूर्वी टायर तासभर थंड होऊ दिले आणि छोट्या पंपाने हवा ३३ पर्यंत भरली. नक्षीत चिकटलेले ट्रॅकवरचे रबराचे गोळे पत्र्याच्या तुकड्याने खरवडले. ते राहिले तर रस्त्यावर गाडी थरथरते आणि चाकाचा तोल गेल्याचा भास होतो.

परतीच्या निम्म्या वाटेवर पाऊस लागला, आणि हळूहळू नव्हे, एकदम. ट्रक जाऊन जाऊन खोलगट झालेल्या चाकोऱ्यांत पाणी उभे होते. ताशी ९० वर असताना एका चाकोरीत स्टिअरिंग क्षणभर हलके झाले. ब्रेक न लावता पाय वर घेतला, ७५ वर आलो, चाकोरी सोडून तिच्या कडेने गाडी ठेवली आणि पकड परत हाताला जाणवू लागली. मग तासभर तसाच, न घाबरता चालवत आलो. २०० चा वर्ग घेतला असता तर आज ट्रॅकवर कदाचित आणखी एक सेकंद वाचला असता. या चाकोरीत तो सेकंद मला नको होता.

२४ मे

नव्या संचाचा तिसरा ट्रॅकचा दिवस काल झाला. मार्चपासून रस्त्यावर २,४०० किलोमीटर झाले आहेत. प्रत्येक ट्रॅक-दिवसाच्या आधी आणि नंतर खोली मोजत आलो, त्यामुळे जानेवारीतला कयास आता आकड्यांत मांडता येतो. डाव्या पुढच्या टायरची खोली रस्त्यावर दर हजार किलोमीटरला ०.१२ मिलिमीटर कमी होते आणि ट्रॅकवर एका दिवसात सरासरी ०.६. म्हणजे १२० किलोमीटरच्या एका दिवसाची झीज पाच हजार किलोमीटरच्या रोजच्या वापराएवढी पडते.

आज त्या टायरवर बाहेर ५.५, मध्ये ५.५, आत ५.४ मिलिमीटर आहे. तिन्ही आकड्यांतला फरक दशांशाएवढा आहे, आणि या वहीतला माझ्या दृष्टीने हाच सर्वांत समाधानाचा निकाल आहे. उजव्या पुढच्या टायरवर ६.३ आणि मागच्या दोन्हींवर ७ च्या आसपास शिल्लक आहे. तीन मिलिमीटरच्या मर्यादेपर्यंत डावा पुढचा टायर याच जागी जेमतेम चार दिवस काढील.

म्हणून दुपारी फेरपालट केली. पुढचा डावा मागे उजवीकडे, मागचा उजवा पुढे डावीकडे. उरलेले दोन जागेवरच ठेवले. उतरवलेल्या चाकाच्या आतल्या बाजूला खडूने तारीख आणि खोली लिहिली, नट ताऱ्याच्या क्रमाने ११० न्यूटन-मीटरवर आवळले आणि चारही टायरांत थंड हवा ३३ भरली. नटांची पुन्हा तपासणी उद्या सकाळी, गाडी रस्त्यावर एकदा फिरवून आणून थंड झाल्यावर.